कॉलेजात लोकशाही शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात?

२०२२ साली साताऱ्यात किंवा सांगलीत बी.ए.ला प्रवेश घेतलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. जिल्हा परिषदेची रचना कशी असते, विषय समित्या काय करतात, अध्यक्ष कसा निवडला जातो, हे तिनं पेपरात लिहिलं आणि मार्क मिळवले. त्याच वर्षी मार्चमध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे गेला होता. २०२५ च्या उन्हाळ्यात ती पदवीधर झाली तेव्हाही प्रशासकच होते. लोकसभेला तिनं ७ मे २०२४ रोजी मत दिलं असेल, विधानसभेला २० नोव्हेंबरला. पण गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि फाट्यापासूनचा रस्ता ज्या संस्थेच्या हातात, तिच्यासाठी मत द्यायची वेळ सबंध पदवीत आली नाही.

हे काही विद्यापीठाचं पाप नव्हे. निवडणुका कोर्टकचेरीत आणि आरक्षणाच्या वादात अडकल्या होत्या. पण निवडणूक का होत नाही, प्रशासक म्हणजे कोण, त्याला प्रश्न कुणी विचारायचा, हा तास किती वर्गांत झाला असेल? पेपरातली जिल्हा परिषद व्यवस्थित चालू होती, बाहेरची बंद होती, आणि दोन्हींची गाठ घालून द्यायचं काम अभ्यासक्रमात कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

नागरिक घडवणं हे विद्यापीठांचं काम आहे असं सगळेच म्हणतात. कुलगुरूंची भाषणं, शिक्षण धोरण, कॉलेजच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान, सगळीकडे ते असतं. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या एकत्र कालवल्या की काहीच कळत नाही. पहिली, माहिती: संविधान, कायदा, कुठला अर्ज कुठं करायचा. दुसरी, सेवा: झाडं लावणं, बंधारा घालणं, रक्तदान. तिसरी, निर्णयात भाग घेणं: पैसा कुठं खर्च व्हावा यावर बोलणं, हिशेब मागणं, विरोध नोंदवणं, निवडून येणं, हरणं. आपल्याकडे पहिलीला पेपर आहे, दुसरीला शिबिर आहे. तिसरीला वेळापत्रकात जागा नाही. आणि माझ्या मते खरं नागरिकत्व तिथूनच सुरू होतं.

हे काम कॉलेजांकडे आलं कुठून?

विद्यापीठानं भिंतीबाहेर यावं, ही मागणी जगात जोरानं मांडली गेली ती अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात, १९१८ साली, आणि तीही विद्यार्थ्यांनी. शिकवणं आणि संशोधन यांच्या जोडीला समाजात जाऊन काम करणं हे विद्यापीठाचं तिसरं कर्तव्य, ही कल्पना त्या आंदोलनानंतर लॅटिन अमेरिकेभर पसरली. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानं १९७७ मध्ये विस्तारकार्याला अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीची जागा दिली. म्हणूनच आपल्या विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्तार विभाग असतो. बहुतेक विद्यार्थ्यांना तो कुठल्या इमारतीत आहे हे ठाऊक नसतं, ती गोष्ट वेगळी.

आपल्या भागाला मात्र कोर्दोबाला जायची गरज नव्हती. १९१९ सालीच कराड तालुक्यातल्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली होती. पुढे १९२४ मध्ये काम साताऱ्यात आलं आणि छत्रपती शाहू बोर्डिंग उभं राहिलं. १९२७ मध्ये गांधीजी ते बघायला आले. त्यांनी बघितलं काय, तर वेगवेगळ्या जातींची, खेड्यातली, गरीब घरची मुलं एका छपराखाली राहतात, एका पंगतीला जेवतात, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं वाटून घेतात. त्या काळात ज्या मुलाच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, त्याच्या हातची भाकरी बोर्डिंगात सगळे खात. एकाही पुस्तकाशिवाय झालेलं हे नागरिकशास्त्र होतं.

याला तात्त्विक बैठकही आहे, आणि योगायोग असा की तिचा एक धागा साताऱ्यातूनच जातो. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्युई हे तत्त्वज्ञ शिकवायला होते. लोकशाही म्हणजे नुसती सरकार निवडायची पद्धत नव्हे, ती एकमेकांसोबत जगायची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर बोलताना थेट वापरला. शाहू बोर्डिंगची पंगत आणि हा विचार एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, की कॉलेजचं वसतिगृह, मेस आणि कँटीन हीसुद्धा नागरिकशास्त्राची ठिकाणं आहेत हे लक्षात येतं. आज जातवार आणि तालुकावार खोल्या वाटून घेणारी वसतिगृहं पाहिली, की आपण १९२७ च्या पुढं आलो की मागं, असा प्रश्न पडतो.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि 'कमवा आणि शिका' योजनेनं पोरांच्या हातात कुदळ आणि पुस्तक दोन्ही दिलं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आलं, सातारा-सांगलीची कॉलेजं त्याच्याकडे गेली. अलीकडं साताऱ्यात रयतच्याच कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही झालं आहे. आणि ओघात आठवलं म्हणून सांगतो: १९४२ नंतर याच जिल्ह्यात (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. त्यातल्या कुणाला त्याचे क्रेडिट मिळाले नव्हते.

आज यंत्रणा काय आहे?

सगळ्यात मोठी आणि सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, अर्थात एनएसएस. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि त्यात एक सात दिवसांचं निवासी श्रमसंस्कार शिबिर करायचं. शिबिर ज्यांनी केलंय त्यांना वर्णन नको. झेडपीच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं 'बौद्धिक', रात्री नाटिका आणि पोवाडा. माण-खटाव, जत-आटपाडीकडं शिबिर असेल तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा किंवा डोंगरउताराला समतल चर.

मी या शिबिरांच्या विरोधात अजिबात नाही. शहरातल्या पोराला हंड्याचं वजन तिथं कळतं. मुलीला घरापासून लांब सात दिवस राहायला मिळतं, आणि तेवढ्यासाठी वडिलांशी घातलेला वाद हेच तिचं पहिलं नागरी कृत्य असतं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं ते श्रमदानाच्या जोरावरच. पण वेळूचं काम वेळूच्या लोकांनी ठरवून केलं. शिबिरात काम कुठं करायचं हे बहुतेक वेळा सरपंच आणि कार्यक्रम अधिकारी आधीच ठरवतात आणि पोरं फक्त घाम गाळतात. चर इथंच का, वरच्या वस्तीला का नाही, हे पैसे ग्रामपंचायतीकडे होते की नव्हते, असं विचारणारा स्वयंसेवक आगाऊ ठरतो.

एनएसएसखेरीज बाकीची यादी चटकन सांगतो. उन्नत भारत अभियान २०१४ पासून आहे, त्यात प्रत्येक सहभागी संस्थेनं किमान पाच गावं जोडून घ्यायची असतात. विधी महाविद्यालयांत कायदे साहाय्य केंद्र असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हे गावात जाऊन सांगायचं कामही त्या केंद्राचं. शिवाजी विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात 'लोकशाही, निवडणूक आणि सुशासन' हा विषय आला. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प क्रेडिटसकट आले आहेत. प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. कागदावर हे भरपूर आहे.

फोटोचं प्रकरण

कागदावरून आठवलं. कॉलेजचं मूल्यांकन करणारी 'नॅक' ही संस्था विस्तारकार्याला गुण देते आणि पुरावा मागते. पुरावा म्हणजे अहवाल, हजेरीपट आणि जिओटॅग फोटो, म्हणजे ज्यावर अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ छापून येते तो. हेतू चांगला होता, खोट्या कार्यक्रमांना आळा बसावा. झालं असं, की कार्यक्रम फोटोत बसेल असाच आखला जाऊ लागला. हातात झाडू धरलेली वीस पोरं फोटोत येतात. गटाराचा प्रश्न वर्षभर पंचायतीत लावून धरलेली एक मुलगी फोटोत येत नाही. तिचा पुरावा म्हणजे चार अर्ज, दोन उत्तरं आणि एक अपमान, आणि यातलं काहीच जिओटॅग होत नाही. प्राध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही. तासिका, परीक्षा आणि नॅकच्या फायली यांत त्यांचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो. जे मोजलं जातं तेच केलं जातं, हे सगळ्या कचेऱ्यांत होतं, कॉलेजंही त्याला अपवाद नाहीत.

मोजायचंच असेल तर काय मोजता येतं, याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. टफ्ट्स विद्यापीठानं २०१३ पासून एक अभ्यास चालवला. त्यात सहभागी कॉलेजांना आपल्या किती टक्के विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं आणि किती टक्क्यांनी प्रत्यक्ष मत दिलं हे कळायचं, कुणी कुणाला मत दिलं हे अर्थातच नाही. कार्यक्रम किती केले ते न विचारता परिणाम काय झाला ते विचारायचं. मेक्सिकोत दुसरी वाट आहे: पदवी हवी असेल तर किमान ४८० तासांची समाजसेवा कायद्यानंच करावी लागते. आपल्या एनएसएसच्या दुप्पट, आणि सगळ्यांना. सक्तीनं सेवाभाव येतो का, यावर तिथंही वाद आहेत. मला सक्तीपेक्षा पहिली वाट पटते, कारण तिथं आरसा कॉलेजसमोर धरलेला असतो.

मतदारयादी: वसतिगृह की गाव?

कॉलेजातल्या नागरी कामाचा सगळ्यात सरळ भाग म्हणजे मतदार नोंदणी. १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, तेव्हापासून पदवीचे विद्यार्थी मतदार आहेत. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे ज्या दिवशी १८ पूर्ण असले की नाव घालता येतं अशा तारखा: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. नमुना ६ भरायचा, ऑनलाइन किंवा बीएलओकडे, म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो, शपथ होते, रांगोळी स्पर्धा होते. मतदार साक्षरता मंडळंही असतात.

पण एक मुद्दा या कार्यक्रमांत सहसा कुणी उलगडून सांगत नाही. सांगलीत, मिरजेत, कराडात हजारो मुलंमुली बाहेरून येऊन वसतिगृहात राहतात. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार अशा विद्यार्थ्याला निवड करता येते: नाव गावी आईवडिलांच्या पत्त्यावर ठेवायचं, किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवायचं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असला, की प्राचार्यांचं बोनाफाइड जोडून अर्ज करता येतो. आधी गावच्या यादीत नाव असेल तर स्थलांतरासाठी नमुना ८. दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे.

आता यातली मेख. ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, आणि ग्रामपंचायतीच्या यादीत ज्याचं नाव तोच ग्रामसभेचा सदस्य. म्हणजे नाव सांगलीला नेलं की विधानसभेचं मत तर सोयीचं होतं, पण गावच्या ग्रामसभेतला हक्क जातो. उलट नाव गावी ठेवलं तर ज्या शहरात वर्षाचे दहा महिने काढायचे, जिथलं पाणी प्यायचं, जिथल्या खड्ड्यांतून गाडी चालवायची, तिथल्या महापालिकेत तुम्ही पाहुणे. दोन्हींत काही ना काही सुटतंच. कुठं आपला आवाज जास्त चालेल याचा विचार करून निवडावं. गाव लहान असेल आणि शनिवार-रविवार जाणं होत असेल, तर मी गावच्या बाजूनं कौल देईन. ४०० मतांच्या वॉर्डात एका मताला जी किंमत असते ती शहरात नसते.

पदवीधरांना आणखी एक मत असतं, हे तर कित्येक पदवीधरांच्या गावीही नसतं. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात पुण्याबरोबर सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर येतात. पदवी मिळून तीन वर्षं झाली की नमुना १८ भरून नाव घालता येतं, आणि ही यादी दर निवडणुकीला नव्यानं करतात. मागच्या वेळी होतं म्हणून आता असेलच असं धरून चालत नाही. शिवाय विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधर आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. ज्या विद्यापीठानं पदवी दिली त्याच्या कारभारात मत देता येतं, हे पदवीदान समारंभात टोपी उडवायच्या आधी दोन मिनिटं सांगायला काय हरकत आहे?

'राजकारण नको' म्हणजे काय नको?

तिसरी गोष्ट, निर्णयात भाग घेणं, कॉलेजात का होत नाही? कारण तिला राजकारण म्हणतात, आणि राजकारण म्हटलं की प्राचार्यांच्या पोटात गोळा येतो. भीती अगदीच बिनबुडाची नाही. एकेकाळी महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका थेट व्हायच्या, मारामाऱ्याही व्हायच्या, मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. १९९० च्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या आणि जास्त मार्क मिळवणारा वर्गप्रतिनिधी झाला. २००६ मध्ये लिंगडोह समितीनं नियम घालून दिले आणि सर्वोच्च न्यायालयानं ते लागू केले: उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, ७५ टक्के हजेरी, वयाची अट. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. प्रत्यक्षात त्या रुळल्या नाहीत.

मार्कांवरून प्रतिनिधी नेमण्यातली गंमत बघा. ज्याला कुणी मत दिलेलं नाही त्यानं कुणाचं म्हणणं मांडायचं? मेसच्या जेवणाबद्दल, बसच्या वेळेबद्दल, मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल तो गप्प बसला तर त्याला काढायचं कसं? निवडून येणाऱ्याला निदान पुढच्या वर्षी पडायची धास्ती असते. हरलेल्या उमेदवारानं दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या शेजारी बसून प्रॅक्टिकल करणं, हा लोकशाहीतला फार अवघड धडा आहे, आणि तो विसाव्या वर्षी शिकलेला बरा. तो न शिकता थेट सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या निवडणुकीत उतरलेली माणसं आपण रोज बघतोच.

पक्षाचं राजकारण आणि सार्वजनिक प्रश्न यांत फरक आहे, हेही कॉलेजांनी एकदा ठरवून घ्यावं. विद्यार्थी कल्याण निधी म्हणून फीमध्ये जे पैसे घेतात त्यांचा हिशेब मागणं हे कुठल्या पक्षाचं काम नाही. अनुदानित कॉलेज माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. ज्या कॉलेजात माहिती अधिकारावर व्याख्यान होतं, त्याच कॉलेजात अर्ज टाकून बघा. व्याख्यान किती मुरलंय ते कळतं.

ग्रामपंचायतीचं दप्तर हाच प्रयोगवर्ग

समजा, खटाव तालुक्यातल्या एका मुलीला समाजसहभाग प्रकल्पाचे दोन क्रेडिट करायचे आहेत. नेहमीचा मार्ग म्हणजे 'गावातील स्वच्छतेचा अभ्यास': ५० घरांची प्रश्नावली, पाय चार्ट, शेवटी शिफारशी, आणि स्पायरल बाइंडिंग. त्याऐवजी तिनं स्वतःच्या ग्रामपंचायतीचा एका वर्षाचा पैसा शोधायचा.

सुरुवात मोबाइलवर होते. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुठल्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि जमाखर्च उघडा बघता येतो, पासवर्ड लागत नाही. तिथं तिला दिसेल की पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित आहे, म्हणजे ती पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायची. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावच्या गरजेप्रमाणे, पगार सोडून. 'आमच्याकडं निधी नाही' हे वाक्य गावात कुणीही सहज फेकतं. कुठला निधी नाही, बंधित की अबंधित, एवढं विचारलं की संभाषणाची जातच बदलते.

मग पंचायतीच्या कार्यालयात जायचं. तिथं हिशेबाचे ३३ नमुने असतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, ५ म्हणजे रोकडवही, ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी. आठचा उतारा सगळ्यांना माहीत असतो, कारण कर्जाला आणि वीजजोडणीला तो लागतो. पाच क्रमांकाची वही फार थोड्यांनी उघडून पाहिलेली असते. ग्रामसेवक (नवं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात ग्रामसेवकच) पहिल्या दिवशी भेटणार नाहीत, त्यांच्याकडे दोन-तीन गावं असू शकतात. दुसऱ्या खेपेला भेटतील आणि विचारतील, 'कशाला पाहिजे?' इथं कॉलेजचं पत्र कामाला येतं. प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र म्हणजे त्या मुलीच्या मागं उभं राहिलेलं विद्यापीठ. माझ्या मते विस्तारकार्यात कॉलेजनं करायची सगळ्यात किमती गोष्ट हीच, आणि ती फुकट आहे.

आराखड्यात लिहिलेली पाण्याची टाकी जागेवर आहे का, हे बघायला ती चालत जाईल. असेल, नसेल, किंवा टाकी असेल आणि पाइपलाइन नसेल. ही तिसरी शक्यता फार वेळा निघते. मग ग्रामसभा. कायद्यानं वर्षात किमान चार व्हायला हव्यात, रिवाजानं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ठराव कुठल्या सभेत 'झाले' याचं गूढ पुष्कळ गावांत इथं उकलतं. महिलांची सभा आधी घ्यायची असते, ती प्रत्यक्ष झाली की नुसत्या सह्या फिरल्या, हेही इतिवृत्ताच्या वहीत दिसतं.

गावच्या यादीत नाव असेल, तर अठरा वर्षांची ती मुलगी या सभेची पूर्ण सदस्य आहे. बोलायला उभी राहिली तर पहिल्यांदा हसतील, 'अमक्याची पोरगी ना तू' म्हणतील, वडिलांना संध्याकाळी पारावर कुणीतरी ऐकवेल. ही किंमत खरी आहे, आणि वर्गात बसून ती नाही म्हणता येत नाही. म्हणून अशा प्रकल्पाला एकटीला पाठवू नये, दोघी-तिघींचा गट असावा, आणि प्रकल्पाचा अहवाल सगळ्यांच्या समोर वाचला जावा. चूक शोधणं हा हेतू ठेवला तर गाव दार लावून घेतं. आधी 'हिशेब समजावून सांगा' म्हणून गेलं, तर बरेच सरपंच खुशीनं सांगतात, कारण त्यांनाही तो कधी कुणी नीट विचारलेला नसतो.

शहरात याच जागी काय? २००९ मध्ये राज्यानं महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांची सभा. सांगलीत किती जणांना क्षेत्रसभेची नोटीस कधी मिळाली, हा सर्व्हे एखाद्या राज्यशास्त्र विभागानं करावा. उत्तर लहान येईल.

सांगलीचा पूर आणि दोन रेषा

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर कॉलेजची पोरं फावडी घेऊन गाळ उपसायला उतरली, कपडे आणि धान्य वाटलं, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं होतं. ही सेवा झाली. पुढचा प्रश्न मात्र राहिला. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. मग ज्या घरातून पोरांनी गाळ काढला ते निळीच्या आत होतं का? परवानगी कुणी दिली? राहणाऱ्याला घर घेताना हे सांगितलं होतं का?

सांगलीत १९४७ पासूनचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भूगोलाचे विभाग आहेत, वकिलीची कॉलेजं आहेत. सिव्हिलची मुलं सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र) लावायला शिकतातच. कॉलेजच्या मैदानावर शंभराव्यांदा लावण्याऐवजी पूरपट्ट्यातल्या गल्ल्यांत लावली, भिंतींवरच्या २०१९ च्या पाण्याच्या खुणा मोजल्या, रेषांच्या नकाशावर बसवल्या आणि तो नकाशा त्या गल्लीतल्या लोकांसमोर ठेवला, तर अभ्यासक्रमातला एक तासही वाढत नाही. फक्त उत्तर कुणाला तरी अडचणीचं ठरेल. तेवढी तयारी कॉलेजची हवी.

एक तारीख बदलून बघा

नवा विषय, नवी समिती, नवा पोर्टल यांची मला आता धास्ती वाटते. आहे त्यातच फेरफार करायचा तर एनएसएसच्या निवासी शिबिराची तारीख हलवावी. शिबिरं बहुधा डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकतात. ती २० ते २६ जानेवारी ठेवली तर शेवटचा दिवस ग्रामसभेचा येतो. पोरं त्या गावची मतदार नसतात, त्यामुळे त्यांनी बोलायचं नाही, मागं बसून बघायचं. पण आधीचे सहा दिवस गावात काढलेले असतात, कुठल्या वस्तीला पाणी नाही हे माहीत असतं, त्यामुळे सभेत कोण काय लपवतंय हे त्यांना कळतं. शिबिराची वही त्या दिवशी इतिवृत्तासारखी लिहायला लावायची: कोण बोललं, कुणाला थांबवलं, बायका कुठं बसल्या होत्या, ठराव किती मिनिटांत झाला. मधे २५ तारखेला मतदार दिवस येतो. त्या दिवशी गावातल्या नव्यानं अठरा पूर्ण झालेल्यांचे नमुना ६ बीएलओला सोबत घेऊन दारोदार भरता येतात, रांगोळीला सुट्टी.

यावर प्राचार्यांचा आक्षेप मला आताच ऐकू येतो: २६ जानेवारीला ध्वजारोहणाला मुलं कॉलेजात हवीत, संस्थेचे पदाधिकारी येतात, मैदान रिकामं दिसतं. त्यावर तोड आहे. एनसीसीची पोरं संचलनाला असतातच, आणि झेंडा त्या गावच्या ग्रामपंचायतीसमोरही चढतो, ग्रामसभा सुरू व्हायच्या आधी.